मोजणीत न आलेले विद्यार्थी



एका गणितशिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या व्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण व्हावे, याचे आपल्याप्रमाणे मलाही नवल वाटले. परंतु ‘गणितात कच्चा’ हे दोन शब्द किती मुलांच्या आयुष्याची दिशा ठरवतात, हे आपण सारेच जाणतो. त्या दोन शब्दांची कसोशीने तपासणी अमेरिकेत झाली. तिची हकीकत आज सांगावी, असा विचार आहे.

तेथे ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची दोन वर्षांची महाविद्यालये आहेत. शुल्क तुलनेने कमी आणि प्रवेश बहुधा सर्वांना खुला. मात्र प्रवेशाच्या वेळी गणिताची चाचणी होई. तीत कमी पडणाऱ्याची रवानगी पूर्वतयारीच्या वर्गात. आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग त्यापुढचे बीजगणित. शुल्क भरायचे, सत्रे घालवायची. पदवीच्या हिशेबात मात्र ही सत्रे धरली जात नसत. हेतू निर्मळ होता. पाया पक्का व्हावा, एवढाच.

2010 साली कोलंबिया विद्यापीठातील टॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. गणिताच्या या वर्गांकडे धाडलेल्यांपैकी अवघ्या एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनी ती वाट पुरी केली होती. त्याहून विचारात पाडणारी गोष्ट पुढेच आहे. परीक्षेत नापास होऊन जितके गळाले, त्याहून अधिक जण पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न घातल्यामुळे गळाले होते.

याचे गणित सरांच्या फळ्यावर दोन मिनिटांत मांडता आले असते. समजा, शंभर विद्यार्थी आहेत. प्रत्येक वर्गात शेकडा 70 उत्तीर्ण होतात आणि उत्तीर्णांपैकी शेकडा 80 पुढच्या वर्गात नाव घालतात. 100 चे 70, 70 चे 56, 56 चे 39, 39 चे 31. आणि तिसऱ्या वर्गाअखेर उरतात 22. तिन्ही शिक्षक म्हणतील, ‘माझा निकाल सत्तर टक्के.’ तिघेही खरेच बोलत असतील. पण अठ्ठ्याहत्तर मुले गेली कोठे, हे विचारण्याचे काम कोणाकडेच नाही.

यावर उपाय निघाला तो पायऱ्या कमी करण्याचा. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठातील तीन महाविद्यालयांत 2013 साली एक प्रयोग झाला. चाचणीत प्राथमिक बीजगणितासाठी कमी पडलेले 907 विद्यार्थी, जणू चिठ्ठ्या टाकून, तीन गटांत विभागले. एका गटाला नेहमीचे प्राथमिक बीजगणित. दुसऱ्याला तेच, पण आठवड्याला एका जादा मार्गदर्शन वर्गासह. आणि तिसऱ्याला एकदम महाविद्यालयीन पातळीचे संख्याशास्त्र, तशाच जादा वर्गाची जोड देऊन. उत्तीर्णांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे 39, 45 आणि 56 टक्के. ज्यांना खालच्या पायरीस अपात्र ठरवले होते, तेच वरच्या पायरीवर अधिक संख्येने उभे राहिले!

यातून बीजगणित निरुपयोगी, असा अर्थ कोणी काढू नये. अभियंता होणाऱ्याला त्यावाचून गत्यंतर नाही. पण परिचारिका किंवा समाजसेवक होऊ इच्छिणाऱ्याला आकडेवारी पारखण्याची जाण अधिक उपयोगी, आणि मदत हवी ती त्या अभ्यासाच्या आधी नव्हे, त्याच्या बरोबरीने. पुढे कॅलिफोर्नियाने 2017 च्या कायद्याने महाविद्यालयांची चाचणीवरची भिस्त काढून शालेय गुणांना महत्त्व दिले.

ही हकीकत वाचताना मला माझाच वर्ग आठवला. इंदुरात घरी मराठी बोलणारी, पण हिंदी माध्यमात शिकलेली मुले माझ्याकडे येत. त्यांची ‘ळ’ आणि ‘ल’ यांत गल्लत होई. त्यांना आधी शुद्धलेखनाच्या वर्गात बसवायचे, साहित्य नंतर, असा दंडक मीच घातला होता. त्या वर्गाच्या निकालाचा मला अभिमान होता. किती उत्तीर्ण झाले, हे मी दरवर्षी मोजले. किती पुन्हा आलेच नाहीत, हे एकदाही मोजले नाही. कथा-कविता वाचता वाचता त्यांचे लेखन सुधारले असते काय? ती संधी मी त्यांना दिली नाही, हा दोष माझा आहे.

म्हणून या संस्थेकडे एकच मागणे आहे. दहावीचा निकाल फलकावर लावाल, तेव्हा त्याखाली आणखी एक ओळ लिहा: आठवीत नाव घातलेली मुले किती आणि त्यांपैकी दहावीला बसलेली किती. या दोन आकड्यांची वजाबाकी तिसरीतले मूलही करील. तिचे उत्तर मात्र आपणा शिक्षकांना द्यायचे आहे.