कै. शंकरराव चव्हाण आणि मराठवाड्याचे पाणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



एखाद्या लोकसेवकाच्या कार्यावर मी या संमेलनात चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली. मी कै. शंकरराव चव्हाण यांचे नाव कळविले. त्यावर आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला सहज विचारले, "पण ते आपल्यापैकी कोठे होते?" प्रश्न आकसाने केलेला नव्हता. ज्ञातीच्या व्यासपीठावर ज्ञातीच्या माणसाचा गौरव व्हावा, ही रीत जुनी आहे आणि तीत वावगे असे काही नाही. तरीही त्या प्रश्नाने मला रात्रभर स्वस्थ झोपू दिले नाही. याचे कारण असे की, माझ्यापुरता त्याहून कठीण प्रश्न निराळाच होता. माझे आजोळ नाथसागराच्या पाण्याखाली आहे. ज्या धरणाने माझ्या मामांचे अंगण बुडविले, त्या धरणाचा पाठपुरावा करणाऱ्या मंत्र्याचा गौरव मी कोणत्या तोंडाने करावा? आजचे भाषण म्हणजे या दोन्ही प्रश्नांना मी दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम आपल्या प्रदेशाची स्थिती ध्यानी घ्यावी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा घटक बनला. या प्रदेशाच्या मधून गोदावरी वाहते; तथापि पैठणपासून नांदेडपर्यंत तिच्या काठचा शेतकरी आभाळाकडे पाहूनच पेरणी करीत असे. पाऊस चुकला की खळे रिते, आणि खळे रिते म्हणजे बलुतेदाराची कणगी रिती. तिफण, वखर, गाडीचे चाक, मोटेची लाकडी चाके हे आपल्या बापजाद्यांचे काम. त्याचा मोबदला रोकडीत नसे, तर सुगीला खळ्यावर मिळणाऱ्या धान्यात असे. थोरल्या ओळीतले बलुतेदार म्हणून आपला मान मोठा खरा. परंतु दुष्काळात त्या मानाची भाकरी होत नसे. म्हणून पाण्याचा प्रश्न केवळ जमीनदाराचा आहे, हा समज आपण मनातून काढून टाकला पाहिजे.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठण येथे, गोदेच्या काठीच झाला. उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात भाग घेतला, आणि नांदेडच्या नगरपालिकेत सार्वजनिक कारभाराचे पहिले धडे गिरविले. १९५६ नंतर ते मंत्रिमंडळात आले आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर पाटबंधारे व वीज खाते त्यांच्याकडे आले. पुढे ते दोन वेळा मुख्यमंत्री झाले, केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ अशी खाती त्यांनी सांभाळली, आणि २६ फेब्रुवारी २००४ रोजी ते निवर्तले. इतकी मोठी पदे भूषविलेल्या गृहस्थाचे स्मरण मी पाटबंधारे मंत्री म्हणून करू इच्छितो, कारण मराठवाड्याशी त्यांचे नाते त्या खात्यातून दृढ झाले.

जायकवाडी हे नाव पैठणचे नव्हे, हे आपल्या तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. निजामी काळातील मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ धरण बांधण्याची होती. पुढे जागा सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला निश्चित झाली. परंतु नाव मात्र जुनेच राहिले. एका गावाचे नाव दुसऱ्या गावाच्या धरणाला मिळाले, आणि ज्या गावांवर पाणी आले त्यांची नावे कोणाच्याच ओठी उरली नाहीत. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पहिल्या समारंभाच्या वेळी शंकरराव पाटबंधारे मंत्री होते, दुसऱ्या वेळी मुख्यमंत्री. मधल्या दहा वर्षांत सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण उभे राहिले. त्याला २७ दरवाजे बसले, आणि सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी मावेल असा जलाशय निर्माण झाला. त्याला संत एकनाथांच्या स्मरणार्थ नाथसागर हे नाव मिळाले. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. उजव्याचे पाणी बीड जिल्ह्यातील माजलगावच्या जलाशयापर्यंत जाते. नांदेडजवळची विष्णुपुरी उपसा योजनाही शंकररावांच्याच आग्रहाचे फळ होय. तेथील जलाशयाला आज शंकरसागर म्हणतात.

धरण बांधणे हे दिसणारे काम आहे. न दिसणारे एक काम मला त्याहून मोठे वाटते. गोदावरी अनेक राज्यांतून वाहते, आणि वरच्या राज्याने किती पाणी अडवावे, हा तंटा लवादापुढे होता. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात जो करार झाला, त्यान्वये पैठण धरणापर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वर धरणापर्यंतचे पूर्णेचे सर्व पाणी वापरण्याची महाराष्ट्राला मोकळीक मिळाली. त्या वेळी शंकरराव मुख्यमंत्री होते. धरणाची भिंत कितीही भक्कम असली, तरी आतल्या पाण्यावरचा हक्क कागदावर पक्का नसेल तर ती भिंत परक्याच्या अंगणात उभारल्यासारखीच होय. आपण कारागीर माणसे आहोत. चौकट बसविण्याआधी ओळंबा धरावा लागतो, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

त्यांच्या स्वभावाविषयी एवढेच सांगतो की, लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. शिस्तीचा आग्रह, कागद वाचल्याखेरीज सही नाही, आणि तोंडदेखले गोड बोलणे नाही. कालव्याचे पाणी बारमाही उसाला न देता आठमाही पिकांना द्यावे, म्हणजे ते अधिक गावांना पुरेल, हा विचार त्यांनी हट्टाने मांडला व त्यापायी बागायतदारांचा रोष पत्करला. मते मिळविण्याचा हा मार्ग नव्हता. वाटणी न्यायाची व्हावी, एवढाच त्यामागे हेतू होता.

आता माझ्या आजोळाकडे येतो. नाथसागराचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरते. तत्कालीन औरंगाबाद व अहमदनगर, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ११८ गावे त्या पाण्याने बाधित झाली. ज्याची जमीन गेली त्याला जमिनीचे मोल मिळाले. ते पुरेसे होते की नव्हते, हा वाद वेगळा. ज्याचे घर गेले त्याला घराचे मोल मिळाले. पण माझ्या मामांची जमीन नव्हती. त्यांची खरी मालमत्ता म्हणजे गावातील प्रत्येक खळ्यावरचा त्यांचा वाटा. भूसंपादनाच्या कायद्यात अशा वाट्याला मालमत्ता म्हणत नाहीत. गाव उठले तेव्हा त्यातील शेतकरी चहूकडे पांगले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा तो हक्क एका दिवसात नाहीसा झाला. मामांनी वाकस, करवत, रंधा आणि किंकरे एका पोत्यात बांधली. घराची चौकट त्यांनी स्वतःच्या हातांनी उकलली, कारण सागाची होती. बाकी सर्व पाण्यास दिले. ती चौकट आज माझ्या घराला आहे. तिच्यातून आत येताना मी अजूनही वाकतो. ती बुटकी आहे हे एक कारण. दुसरे मी सांगितलेच पाहिजे असे नाही.

ही उणीव शासनाच्या ध्यानी मुळीच आली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रकल्पाने उठविलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला, आणि तो शंकररावांच्या मुख्यमंत्रीपदाच्या काळातच झाला. त्याची जागा पुढे १९८६ च्या व नंतर १९९९ च्या कायद्याने घेतली. पण जायकवाडीचे उद्घाटन १९७६ च्या फेब्रुवारीत झाले, तेव्हा आमची गावे आधीच उठलेली होती. कायदा आला, पण आमच्या दारी उशिरा आला. ही गोष्ट मी तक्रार म्हणून मांडीत नाही, हिशेब म्हणून मांडतो. गौरवाच्या भाषणात हिशेब येऊ नये असा संकेत आहे; पण ज्या पुरुषाने कागद वाचल्याखेरीज सही केली नाही, त्याच्या गौरवात हिशेब वगळणे त्यालाच आवडले नसते.

आणि हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मामांची मुले गावोगाव हिंडून अखेर शहरात आली. वाळूज व चिकलठाण्याच्या कारखान्यांत आज आपल्या ज्ञातीचे कितीतरी तरुण काम करतात. त्यांच्या हातात रंध्याऐवजी यंत्र आहे. त्या शहराची तहान कोणत्या पाण्याने भागते? नाथसागराच्याच. ज्या पाण्याने आमचे अंगण नेले, तेच पाणी आज माझ्या मामेभावाच्या नळाला येते. याला भरपाई म्हणता येणार नाही, कारण ती कोणी ठरवून दिलेली नाही. पण ते पाणी खोटेही नाही.

अजून एक गोष्ट विसरू नये. वरच्या अंगास बांधलेल्या धरणांमुळे अनेक वर्षी नाथसागर पुरेसा भरत नाही. म्हणून २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याचा आधार घेऊन समन्यायी वाटपाची मागणी करावी लागते, आणि वरून पाणी सोडण्याचा वाद न्यायालयापर्यंत जातो. म्हणजे शंकररावांनी हाती घेतलेले काम अद्याप पुरे झालेले नाही. न्यायाच्या वाटपाचा तोच प्रश्न निराळ्या रूपाने पुन्हा उभा आहे.

तर सभासद महाशयांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. ते आपल्यापैकी नव्हते. पण आपण ज्या प्रदेशात राहतो त्याचे होते. मंत्री आपल्या ज्ञातीचा असेल तर हार घालावा, नसेल तर पाठ फिरवावी, ही सवय आपण सोडली पाहिजे. त्याने काय बांधले, कोणासाठी बांधले आणि त्यात कोण बुडाले, हे तीन प्रश्न आपल्या माणसालाही विचारावेत व परक्यालाही. शंकररावांपुरती पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अभिमानाने द्यावीत अशी आहेत. तिसऱ्याचे उत्तर द्यावयाचे राहिले आहे, आणि ते देण्याचे काम शासनाइतकेच आपलेही आहे.

म्हणून माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. नाथसागरात बुडालेल्या गावांतील आपल्या कुटुंबांची एक वही तयार करावी. गावाचे नाव, घराचे नाव, मंडळी कोठे गेली, आज कोठे आहेत, इतकेच तीत लिहावे. ज्यांनी ती गावे पाहिली ते वृद्ध आज थोडे उरले आहेत. पुढल्या संमेलनापर्यंत थांबण्याइतका अवकाश आपल्याला आहेच असे नाही. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेची पहिली पाने त्या नावांना द्यावीत. पहिले नाव मी आज येथे चिटणीसांकडे लिहून देतो, ते माझ्या आजोळच्या गावाचे.