मुलीला हुन्नर शिकविताना



आपल्या मार्कंड्याच्या देवळावर एवढ्या मूर्ती कोरणारे कारागीर पोथी वाचून शिकले नसतील. जाणत्याशेजारी बसून छिन्नी धरली, म्हणजे हात वळतो. हीच रीत १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने बांधून दिली आहे. चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलीला उमेदवारी करता येते. धोक्याच्या कामाला मात्र अठरा लागतात. आय.टी.आय. झालेल्यांना २०१९ च्या नियमांनी दरमहा किमान सात हजार रुपये विद्यावेतन ठरविले.

फिटर, वेल्डर, वायरमन म्हटले की आपल्याकडे 'हे का पोरींचे काम?' असे विचारतात. तेंदूच्या हंगामात पहाटेच जंगलात जाणारी पोर मात्र कुणाला नाजूक वाटत नाही!

आयांनो, एक नीट ध्यानात धरा. उमेदवारीचा लेखी करार होतो, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर सही पालकाची लागते. न वाचता ती करू नका. किती महिने, कोणते काम, मध्येच सोडल्यास काय भरावे लागेल, हे विचारा. करारात लिहिले नसेल तर पुढे नोकरी देणे मालकाला बंधनकारक नाही. त्या भरवशावर कर्ज काढू नका. कामावर इजा झाली तर भरपाई मात्र त्यानेच द्यायची.

आणि लग्न जुळले म्हणून करार अर्ध्यावर मोडू नका. परीक्षा होऊन प्रमाणपत्र हाती येईपर्यंत सोयऱ्यांना थांबायला सांगा.