उडून जाणारा युरिया

उन्हाळ्यात सकाळी गोठ्याचं दार उघडलं की नाकात झणका बसतो, डोळे चुरचुरतात. तो वास अमोनियाचा. युरिया याच वायूपासून बनतो. गटाच्या बैठकीत खताच्या खर्चाचा विषय सारखा निघतो, म्हणून आज आम्ही यावर बोलणार आहोत.

हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन जुळले की अमोनिया होतो. पण एकीकडे जुळतं, त्याच वेळी दुसरीकडे तुटतं. जिंतूरच्या एस.टी.त थांब्यावर दहा चढले, दहा उतरले, तर गर्दी तेवढीच राहते, माणसं मात्र बदलतात. तसंच हे. याला रासायनिक समतोल म्हणतात. दाब आणि उष्णता बदलली की तो सरकतो.

एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन, असे चार भाग जुळून अमोनियाचे दोनच भाग होतात. म्हणून दाब वाढवला की वायू कमी जागेकडे, म्हणजे अमोनियाकडे सरकतात. उष्णतेचं उलटं. जुळताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे जास्त तापवलं की अमोनिया परत तुटतो. गार ठेवावं, तर काम इतकं हळू की हाती काहीच लागत नाही. मग कारखानदार मधली वाट काढतात: ४०० ते ५०० अंश उष्णता, हवेच्या दीड-दोनशे पट दाब आणि काम लवकर व्हावं म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक. जर्मनीच्या फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ही रीत दाखवली. आपल्याकडे अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना अमोनिया आणि त्याचा युरिया करतो.

एवढ्या खटाटोपानं पकडलेला नायट्रोजन ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर असतो. रानात त्याचं काय होतं? ओल लागली की युरियाचा अमोनियम होतो. तो मातीला धरून राहतो, पिकाला मिळतो. पण अमोनियम आणि अमोनिया यांच्यातही असाच समतोल आहे. आपली काळी जमीन चुनखडीची, त्यात ऊन. दोन्हींमुळे तो वायूकडे झुकतो. दुपारी कपाशीत वरवर फेकलेल्या युरियातला बराच नायट्रोजन असाच उडून जातो.

किती गोण्या आणायच्या हे घरात पुरुष ठरवतात, पण मूठ बहुतेक आपल्याच हातात असते. तेव्हा वाफसा पाहून, ऊन उतरल्यावर, झाडाच्या बुडापासून थोडं बाजूला खत द्या आणि लगेच मातीआड करा. मागोमाग कोळपं फिरलं तरी चालतं. मातीआड झालेला अमोनिया ओलीत आणि मातीत अडकून राहतो.

पाऊस लांबला, रान कोरडं असलं, तर घाई नको. तोंड बांधून कोरड्या जागी ठेवलेल्या गोणीतून युरिया उडत नाही.