शिफ्ट बदलताना



 राज्यभरातल्या सुरक्षा अधिकारी, अभियंते, व्यवस्थापक व प्रशिक्षकांच्या या अधिवेशनात सांगायचं बरंच आहे, म्हणून थेट विषयावर येते.

६ जुलै १९८८. उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म. तिथे कंडेन्सेटचे दोन पंप होते, एक चालू आणि एक राखीव. त्या दिवशी ‘ए’ पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता. संध्याकाळपर्यंत काम आटपलं नाही, म्हणून उघड्या फ्लँजवर ब्लाइंड लावून कंत्राटदाराच्या माणसांनी काम थांबवलं. रात्रपाळी आली. व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. त्या कामाचं परमिट, म्हणजे लेखी परवाना, कंट्रोल रूममध्ये नव्हतंच, सुरक्षा कचेरीत होतं. पावणेदहाच्या सुमाराला ‘बी’ पंप बंद पडला आणि काही केल्या सुरू होईना. पंप थांबून राहिला तर सगळ्या प्लॅटफॉर्मची वीज जायची. ऑपरेटरांनी परमिटं चाळली. ‘ए’ पंपाच्या ओव्हरहॉलचं वेगळं परमिट सापडलं, पण ते काम तर सुरूही झालेलं नव्हतं. मग पंप चालवायला हरकत नाही, असं त्यांनी ठरवलं. समोर असलेल्या कागदांवरून कुणीही हेच ठरवलं असतं. रात्री दहाच्या सुमाराला स्फोट झाला. १६७ माणसं गेली.

आता पुढचं बघा. तिथल्या अग्निरोधक भिंती आग थोपवण्यासाठी होत्या, स्फोट झेलण्यासाठी नव्हत्या, कारण प्लॅटफॉर्म मुळात तेलासाठी बांधला होता, वायूचं काम नंतर वाढवलं. पाण्यात पाणबुडे उतरत असल्यामुळे आगीचे पंप आपोआप सुरू होऊ नयेत म्हणून मॅन्युअलवर ठेवले होते. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून येणारा तेल-वायूचा पुरवठा लगेच थांबला नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीला तिच्या जागी काही कारण होतं. एकत्र आल्यावर काय होईल, हे पाहणं मात्र कुणाचंच काम नव्हतं.

आपल्या प्रशिक्षणातली मोठी उणीव मला इथेच दिसते. आपण सुटे भाग शिकवतो. हेल्मेट, हार्नेस, अग्निशामक, प्रथमोपचार. त्यानं रोज जीव वाचतात आणि ते शिकवायलाच हवं. पण गुंतागुंतीच्या यंत्रणेतला मोठा अपघात दोन पाळ्यांच्या, दोन विभागांच्या, कंपनी आणि कंत्राटदाराच्या मधल्या सांध्यात शिजत असतो आणि तो सांधा आपल्या अभ्यासक्रमात नसतो. एमआयटीच्या नॅन्सी लेव्हसन कितीतरी वर्षं सांगत आल्या आहेत की, एकही भाग न बिघडता अपघात होऊ शकतो, म्हणून सुरक्षितता हा नियंत्रणाचा प्रश्न आहे. बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ जण गेले. एकाच सेन्सरच्या आकड्यावर विसंबून नाक खाली ढकलणारं सॉफ्टवेअर त्या विमानांत होतं आणि पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांच्या प्रशिक्षणात त्याचा उल्लेखही नव्हता. रचना करणारा आणि चालवणारा यांच्यातला सांधा तो हाच.

भोपाळच्या वायुगळतीबद्दल या सभागृहात मी नव्याने काय सांगणार? तरीही एक सांगते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी गेलं, तेव्हा टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा कित्येक महिने बंद होती. गंजलेला पाइप काढल्यामुळे फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता. स्क्रबर राखीव अवस्थेत होता. हे त्या रात्रीच्या ऑपरेटरचे निर्णय नव्हते. खर्च कपातीच्या आणि माणसं कमी करण्याच्या बैठकांतून ते आले होते. मग व्हॉल्व्हजवळ उभ्या असलेल्या माणसालाच प्रशिक्षण का? देखभालीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलणाऱ्या व्यवस्थापकाने सही करण्यापूर्वी, या सहीने कोणतं संरक्षण निकामी होतं, हे वाचायला शिकलंच पाहिजे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांचं प्रकरण आलं, कामगारांच्या सहभागाची सुरक्षा समिती आली. कायदा आला, पण सही करणाऱ्याचं शिक्षण मागे राहिलं. त्यानंतरही नागोठण्यात १९९० साली स्फोट झाला आणि डोंबिवलीत २०१६ व २०२४ च्या मे महिन्यांत.

अभियंत्यांविषयीही बोललं पाहिजे. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रसायन कारखान्यात १९७४ साली एका रिअॅक्टरला तडा गेला, म्हणून तो काढून दोन्ही बाजूंचे रिअॅक्टर तात्पुरत्या पाइपने जोडले. मूळ तोंडं २८ इंचांची, पाइप २० इंची, दोन्ही टोकांना बेलोज. त्याचं रेखाटन वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलं होतं. कारखान्यातलं मुख्य अभियंत्याचं पद तेव्हा रिकामं होतं. काम करणारे मेहनती होते, उत्पादन लवकर सुरू व्हावं म्हणून झटत होते. अशा जोडणीवर दाबामुळे किती जोर येतो ते मोजायला हवं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. १ जूनला तो पाइप तुटला आणि २८ जण गेले. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आपण विद्यार्थ्याला गणित देतो. इथे माझं ज्ञान संपतं, आता दुसऱ्याला विचारलं पाहिजे, हे ओळखायला शिकवत नाही. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेसारख्या ठिकाणच्या पदविकेने आपल्याला चांगले सुरक्षा अधिकारी दिले, मीही त्या परंपरेची ऋणी आहे. पण जो पाइप आखतो त्याला हे पदवीतच मिळायला हवं.

आणि हॅझॉप. ‘प्रवाह नाही’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’ असे साधे प्रश्न एकेका लाइनला विचारत धोके शोधण्याची ही पद्धत. पण बऱ्याच ठिकाणी ती सल्लागाराच्या लॅपटॉपवर इंग्रजीत उरकते. पॅनल ऑपरेटर शिफ्टवर असतो, म्हणून बैठकीला नसतो. रात्री दोन वाजता कोणता अलार्म उगाच वाजत राहतो, कोणता इंटरलॉक चार महिने बायपासवर आहे, आराखड्यात नसलेला कोणता ड्रेन प्रत्यक्षात आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तो मराठीत किंवा हिंदीत विचार करतो, तर बैठक त्याच भाषेत चालली पाहिजे. अहवाल नंतर कुठल्याही भाषेत लिहा.

परीक्षाही बदलायला हवी. पन्नास पर्यायी प्रश्न सोडवून प्रमाणपत्र मिळतं, पण अर्धवट राहिलेलं काम पुढच्या पाळीला तोंडी आणि लेखी कसं सोपवायचं, याची परीक्षा कुणी घेत नाही. ती घ्या. उमेदवाराला लॉगबुक द्या, दोन परमिटं द्या, त्यातलं एक स्थगित ठेवा, घाईत असलेला सुपरवायझर समोर बसवा आणि काय होतं ते पाहा.

पायपर अल्फानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या आणि त्या सगळ्या स्वीकारल्या गेल्या. आमची यंत्रणा सुरक्षित आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिथे प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या कंपनीवर आली.

मित्रहो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. येत्या शटडाऊनच्या आधी दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर, मेंटेनन्सचे लोक, प्लँट मॅनेजर आणि कंत्राटदाराचा फिटर यांना एका टेबलाभोवती बसवा आणि एका खऱ्या परमिटचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्यांसमोर वाचा. पुढच्या अधिवेशनाला येताना त्या फिटरलाही सोबत आणा, प्रतिनिधी म्हणून, आणि त्याला या व्यासपीठावर बोलू द्या.