लाख दिव्यांत आपली माणसं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी काही पट्टीचा वक्ता नाही आणि पट्टीचा फोटोग्राफर तर मुळीच नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि डब्यांतले दिवे-पंखे सांभाळण्यात वीसेक वर्षं गेली. पण गेले काही दसरे मी सहकुटुंब राजवाड्याची रोषणाई टिपतो आहे. त्यातून कमी उजेडात फोटो कसा घ्यावा हे थोडंफार उमगलं. पुढच्या महिन्यात दसरा आहेच, म्हणून आज तेच सांगतो.

आपला हा राजवाडा आपण रोज बसमधून बघतो, त्यामुळे त्याचं अप्रूप राहत नाही. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली जळाला आणि हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यावरून बांधलेला हा नवा १९१२ साली पुरा झाला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९०२ साली, शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोचली होती. म्हणजे म्हैसूर आणि वीज हे नातं जुनं आहे. आज राजवाड्यावर लाखाच्या आसपास दिवे आहेत, तेही जुन्या पद्धतीचे, तार तापून पिवळा उजेड देणारे. आमच्या डब्यांतून असे बल्ब गेले, ट्यूब आल्या, आता एलईडी आहेत. त्यामुळे एकदम लागणारे ते दिवे पाहिले की माझ्यासारख्याला जुना दोस्त भेटल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याकडे येतो. माझी आई मिरजेला असते. गुडघ्यांमुळे तिचं इकडे येणं बंद झालं. तिच्यासाठी रोषणाईच्या फोटोंचे प्रिंट पाठवायचं ठरलं, तेव्हा तिने फोनवर अट घातली, "राजवाडा कॅलेंडरवरही असतो रे. मला पोरांची तोंडं दिसू देत." मंडळी, अट साधी वाटते, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने अवघड आहे. मागे लाख दिवे आणि पुढे अंधारात उभी माणसं. राजवाडा नीट आला तर माणसं काळी पडतात. माणसं उजळली तर राजवाड्याचा पिवळा गोळा होतो.

यातून वाट काढायची तर तीन गोष्टी कळाव्या लागतात. शटर म्हणजे फाटक किती वेळ उघडं ठेवायचं ते. ॲपर्चर म्हणजे फाटक किती रुंद उघडायचं ते. आयएसओ म्हणजे रेडिओचा आवाज मोठा करण्यासारखं आहे. गाणं मोठं होतं, तशी खरखरही मोठी होते. शटर १/६० वरून १/३० केलं की उजेड दुप्पट, आयएसओ ४०० चा ८०० केला तरी परिणाम दुप्पट. एकीकडे घेतलं की दुसरीकडे द्यावं लागतं. आपला महिन्याचा घरखर्च असाच चालतो, म्हणून हे गणित आमच्या सौ.ना माझ्याआधी समजलं!

राजवाड्यासाठी आमच्या कॅमेऱ्यावर आयएसओ ४००, एफ ५.६ आणि साधारण पाव सेकंद हे माप बसतं. पाव सेकंद हात स्थिर राहत नाही. गर्दीत ट्रायपॉड रोवायला जागा नसते आणि पुष्कळ ठिकाणी परवानगीही नसते. तेव्हा कठडा शोधायचा, त्यावर पिशवी ठेवायची, पिशवीवर कॅमेरा टेकवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबताना धक्का बसत नाही. काळं आभाळ पाहून कॅमेऱ्याला वाटतं की सगळाच अंधार आहे. तो जास्त उजेड घेतो आणि दिवे एकमेकांत मिसळतात. म्हणून एक्स्पोजर एक ते दीड पायरी कमी करायचं, की कमानीची ओळ न् ओळ मोजता येते.

आता आईची अट. पहिला उपाय फ्लॅशचा. शटर तसंच पाव सेकंद ठेवायचं आणि फ्लॅश कमी ताकदीवर लावायचा. फ्लॅश क्षणभरच चमकतो आणि चेहरे टिपतो, उरलेल्या वेळात राजवाडा आपला उजेड भरत राहतो. मात्र फ्लॅश उडाला तरी माणसांनी हलायचं नाही. आमच्या धाकट्याला "पुतळा-पुतळा खेळू" असं सांगावं लागतं. आणखी एक अडचण राहते. फ्लॅशचा उजेड पांढरा, दिव्यांचा पिवळा, त्यामुळे चेहरे कागदी दिसतात. यावर तोडगा आमच्या थोरलीचा. गणपतीच्या मखरातून उरलेला नारिंगी जिलेटिन पेपर तिने फ्लॅशवर चिकटवला. मग दोन्ही उजेड एकाच घरचे वाटायला लागले.

दुसरा उपाय त्याहून सोपा आणि माझ्या जास्त आवडीचा. राजवाड्याकडे पाठ करायची! आपल्या माणसांना राजवाड्याकडे तोंड करून उभं करायचं आणि आपण त्यांच्याकडे बघायचं. लाख दिव्यांचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडलेला असतो, तोही मऊ, सोनेरी. एफ १.८ ची लेन्स, आयएसओ १६०० आणि शटर १/६० एवढ्यात काम होतं, फ्लॅश लागत नाही. दिवे एकदम लागतात त्या क्षणी तर सगळ्यांची तोंडं उघडी पडतात. तो फोटो पोज देऊन मिळत नाही.

दोन्ही प्रिंट मिरजेला पोचले तशी आईचा फोन आला, "थोरली वाळलीय. आणि त्या पोराचे केस कधी कापणार?" यापेक्षा मोठी पावती मला नको.

काही बारीकसारीक गोष्टी. रस्त्यांवरच्या एलईडी माळा राजवाड्याच्या दिव्यांसारख्या नसतात. आपली वीज ५० आवर्तनांची, त्यामुळे साध्या माळा सेकंदाला ५० किंवा १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शटर फार जलद असेल तर फोटोत काळे पट्टे येतात. तिथे १/५० ठेवावं. बन्नीमंटपाच्या मशाल कवायतीत १/१२५ ला मशाल धरणारा माणूस दिसतो आणि एक सेकंद ठेवलं तर आगीच्या रेघा दिसतात. काय हवं ते आधी ठरवावं. दसऱ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सातला आभाळ काळं झालेलं असतं. निळं आभाळ हवं असेल तर जूनमधला, पाऊस नसलेला रविवार गाठावा. तेव्हा सूर्यास्त पावणेसातच्या पुढेमागे असतो आणि रविवारी सातच्या सुमारास राजवाड्याचे दिवे लागतात.

मोबाइलवाल्यांनी खट्टू होऊ नये. त्यातला नाइट मोड पाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. तेवढा वेळ हात टेकवून धरा. समोरच्यालाही स्थिर उभं राहायला सांगा.

आपण घरापासून लांब राहणारी माणसं. कुणाची आई मिरजेला, कुणाचे वडील सोलापूरला, कुणाची बहीण बेळगावला. रोषणाई त्यांनाही कुठेतरी बघायला मिळते, त्यांना बघायचे असतात आपले चेहरे. तेव्हा आज आरतीला मूर्तीचे फोटो झाले की एकदा मागे वळा. निरांजनाच्या उजेडात टाळ वाजवणारी आपली मंडळी टिपा आणि गावी पाठवा. चार फोटो झाले की कॅमेरा पिशवीत ठेवा आणि आरतीत आवाज मिसळा.



गणपती बाप्पा मोरया!