भांड्यांचा साबण : कोणता आणि किती?



मोरींतल्या साबणावर बोलावयास एका सेवानिवृत्त शाळामास्तराला कां पाचारण केलें, अशी शंका आपणांपैकीं पुष्कळांना आली असेल. शंका रास्त आहे. मी रसायनशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकची परीक्षा पास झालों, मास्तर झालों, आणि तीस-बत्तीस वर्षें मुलांना गणित व थोडेंबहुत शास्त्र शिकविलें, एवढीच माझी पुंजी. परंतु नोकरींतून मोकळा झालेला पुरुष दिवसभर घरीं बसूं लागला म्हणजे त्याला एक शोध लागतो. ज्या स्वयंपाकघरानें आपल्याला इतकीं वर्षें पोसलें, त्याचा कारभार कसा चालतो याची आपल्याला गंधवार्ताही नव्हती, हा तो शोध. माझ्या बाबतींत त्याची सुरुवात एका बाटलीनें झाली.

बाजारहाटाचें काम माझ्याकडे आलें तेव्हां मीं ठरविलें कीं, घरांत येणारी वस्तु पारखून घ्यावयाची. भांडीं घांसण्याच्या साबणाची पाळी आली. दुकानांत एक बाटली दिसली. तिच्यावर हिरवें पान, अर्धें कापलेलें लिंबू आणि ठळक अक्षरांत 'निसर्गस्नेही' हा शब्द. किंमत नेहमींच्या बाटलीच्या दुपटीहून अधिक. नदीचें थोडेंसें पुण्य पदरीं पडत असेल तर पडो, अशा बुद्धीनें ती मीं घरीं आणली. नांव सांगत नाहीं. येथें बसून कोणाची जाहिरात करूं नये, तशी निंदाही करूं नये.

आमच्याकडे भांडीं घांसावयास एक मावशी येतात. दिवसांतून पांच घरचीं भांडीं त्यांच्या हातांखालून जातात. बाटली आणल्यास पंधरवडाही झाला नसेल, त्यांनीं ती रिकामी करून माझ्यापुढें आणून ठेवली. म्हणाल्या, "मास्तर, ह्याला काय जोर न्हाई. दोनदा घ्यावा लागतो तवा कुठं तुपाचं भांडं निघतं. आपला पहिलाच आणा." मीं बाटली घेतली आणि माझी नजर त्यांच्या हातांकडे गेली. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या, एका भेगेंतून रक्त येत होतें. हें कशानें झालें म्हणून विचारलें, तर त्या हंसल्या. "हे काय आजचं हाय व्हय?"

मला दोन गोष्टींची लाज वाटली. एक, इतकीं वर्षें हे हात माझ्या घरांत राबत असून मीं ते पाहिले नव्हते. दुसरी गोष्ट हिशेबाची. जी बाटली नदीला तारणार होती, तिचाच दुप्पट माल माझ्या मोरींतून नदीकडे गेला होता. तेव्हांपासून या विषयाचा मीं यथाशक्ति अभ्यास केला, तोच आज आपल्यापुढें ठेवतों.

आपण 'साबण' म्हणतों खरें, परंतु बाटलींतलें द्रव्य साबण नव्हे. साबण होतो तेल आणि क्षार यांच्या संयोगानें. आपल्या आज्या चुलींतल्या राखेनें भांडीं घांशीत, तेव्हां राखेंतला क्षार ताटावरच्या तेलाशीं मिळून थोडासा साबण तेथल्या तेथें तयार होत असे, आणि राखेची भुकटी खरवडण्याचें काम करी. बाटलींतलीं द्रव्यें कारखान्यांत बनविलेलीं असतात. इंग्रजींत त्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. त्यांच्या प्रत्येक सूक्ष्म कणाचें एक टोंक पाण्याला धरून राहतें, दुसरें तेलाला. तेलाच्या थेंबाला असे असंख्य कण चोहोंकडून वेढतात आणि त्याला ताटावरून उचलून पाण्यांत तरंगत ठेवितात. सारी किमया एवढीच. खऱ्या साबणाची विहिरीच्या जड पाण्यांत चिकट साय होते, तशी यांची होत नाहीं, म्हणून तीं लोकप्रिय झालीं.

येथें दोन गैरसमज सांगून टाकतों. साबण दाट असला म्हणजे जोरदार, असें आपण समजतों. पुष्कळ बाटल्यांत तो दाटपणा साध्या मिठानें आणलेला असतो. आणि फेस म्हणजे सफाई नव्हे. फेसाचा उपयोग इतकाच कीं, तो मोडला म्हणजे पाण्यांतलें द्रव्य संपत आलें असें समजावें.

आतां हें पाणी मोरींतून जातें कोठें? शुद्धीकरण केंद्रांत, असें आपण गृहीत धरतों. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें देशांतील शहरांतून रोज सुमारें ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होतें, आणि त्यांतलें प्रत्यक्ष शुद्ध होत होतें तें २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर घागरींतल्या अठ्ठावीस. उरलेल्या बहात्तर घागरींची वाट नाल्याची आणि नाल्याची वाट नदीची. अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतांना वारकऱ्यांनीं अनेकदां पाहिले आहेत. तें पाणी जसें कारखान्यांचें, तसें तुमच्याआमच्या घरचेंही आहे.

फेसाचें हें संकट आपल्याच कपाळीं आलें असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेंत नवीं धुण्याचीं द्रव्यें घरोघर गेलीं आणि तेथील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. शोध करतां आढळलें कीं, त्या द्रव्यांच्या कणांची सांखळी फांदीफांदीची असल्यामुळें पाण्यांतल्या सूक्ष्म जंतूंना ती तोडतां येत नाहीं. पश्चिम जर्मनीनें १९६१ सालीं कायदा केला, तो १९६४ पासून अंमलांत आला; अमेरिकेंतील कारखानदारांनीं १९६५ च्या सुमारास सरळ सांखळीचें द्रव्य स्वीकारलें. तेंच आज आपल्याकडील वड्यांत आणि बाटल्यांत मुबलक असतें. लेबलावर त्याचें नांव 'लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनेट' असें सांपडेल. 'जैवविघटनशील' हा शब्द लावण्याचा हक्क त्याला या सरळपणामुळें मिळाला.

परंतु या शब्दांत एक मेख आहे, आणि माझ्या मतें साऱ्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. विघटन होतें, पण कोणत्या पाण्यांत आणि किती दिवसांत? युरोपांत २००४ सालीं झालेल्या नियमांत अट अशी आहे कीं, हवा खेळत ठेवलेल्या पाण्यांत २८ दिवसांच्या आंत द्रव्याचा निदान ६० टक्के भाग पुरता मोडून गेला पाहिजे. अट चांगली आहे. पण आपला नाला डोळ्यांपुढें आणा. काळें, तुंबलेलें, प्राणवायु संपलेलें पाणी! मोरीपासून नदीपर्यंत पोंचावयास त्याला अठ्ठावीस दिवस कोण देणार? हें सरळ सांखळीचें सल्फोनेट हवा नसलेल्या पाण्यांत जवळजवळ मोडतच नाहीं. वनस्पतींच्या तेलापासून काढलेल्या स्निग्ध अल्कोहोलचीं द्रव्यें, उदाहरणार्थ सोडियम लॉरेथ सल्फेट, किंवा तें अल्कोहोल व साखर यांच्यापासून केलेलीं अल्किल ग्लुकोसाइडें, हवेवांचूनही बऱ्याच अंशीं मोडतात. निवड करावयाची तर या नांवांवरून करावी. बाटलीवरच्या पानाच्या रंगावरून करूं नये.

'नैसर्गिक' या शब्दाचाही मोह आवरावा. रिठा आपल्या घरचा, कोंकणांत त्याचीं झाडें. त्याच्याइतकें नैसर्गिक दुसरें काय? पण रिठ्यांतलें फेसाचें द्रव्य माशांना विषारी असतें; अशा फळांचा चेंचा पाण्यांत टाकून मासे गुंगवून धरण्याची रीत जुनी आहे. रिठा वापरूं नये असें मी म्हणत नाहीं. चांदीच्या भांड्यांना आम्ही अजून तोच वापरतों. निसर्गांतून आलेली वस्तु निसर्गाला बाधत नाहीं, ही समजूत तेवढी खोटी.

शब्दांचा हा बाजार सरकारच्याही लक्षांत आला आहे. १९९१ सालीं केंद्र सरकारनें 'इकोमार्क' म्हणून एक चिन्ह काढलें, त्यावर मातीचा घट आहे. २०२४ सालीं त्याचे नियम नव्यानें केले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मार्गदर्शक तत्त्वें काढलीं कीं, 'हरित', 'निसर्गस्नेही' असले शब्द पुराव्यावांचून आणि खुलाशावांचून कोणीं वापरूं नयेत. घटाचें चिन्ह माझ्या पाहण्यांतल्या एकाही बाटलीवर नव्हतें. द्रव्यांची पुरी यादी छापलेल्या बाटल्याही थोड्याच. जो यादी छापतो त्याला मी आपला एक गुण अधिक देतों. परीक्षकाची संवय सुटत नाहीं.

आतां हातांचें सांगतों. तेलकटपणा सोडविणारें द्रव्य ताटावरचें तूप आणि हातावरचा नैसर्गिक ओशटपणा यांत भेद करीत नाहीं. कातडीचा ओलावा राखणारें हें कवच रोज पांच घरीं धुऊन निघालें म्हणजे भेगा पडतात. वडींत सल्फोनेटाबरोबर बहुधा धुण्याचा सोडा आणि दगडाची पूड असते. सोडा क्षारधर्मी, कातडी किंचित् आम्लधर्मी. दोघांचें जमत नाहीं. पूड घांसण्यास उपयोगी खरी, परंतु भेगेंत ती काय करीत असेल तें सांगावयास नको. या दृष्टीनें बाटली वडीहून बरी. मात्र सुवास, रंग आणि टिकाऊपणासाठीं घातलेलीं द्रव्यें यांची कित्येकांना बाधा होते. मेथिल-आयसोथायाझोलिनोन नांवाच्या अशाच एका द्रव्याची अमेरिकेंतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं त्या वर्षीचें प्रमुख 'ॲलर्जन' म्हणून निवड केली होती. लेबलावर तें दिसलें आणि घरांत कोणाचे हात चिरत असतील, तर दुसरी बाटली पाहावी. 'जंतुनाशक' म्हणून अधिक दाम मोजण्याचें तर कांहींच कारण नाहीं. ताट नीट घांसून वाहत्या पाण्यानें धुतलें आणि कोरडें केलें, कीं जंतूंचा प्रश्न बहुतेक सुटतो.

हें सारें वाचून झाल्यावर मीं घरीं एक प्रयोग मांडला. नातवाला हाताशीं घेतलें. तीन बाटल्या, तीन टोपलीं, प्रत्येक टोपल्यांत दोन लिटर पाणी आणि एकेक चहाचा चमचा साबण. स्टीलच्या ताटल्यांना सारखेंच मापून गोडेंतेल लावलें आणि फेस मोडेपर्यंत एकेक ताटली धूत गेलों. कारखान्यांतही बऱ्याच अंशीं अशाच रीतीनें परीक्षा घेतात, हें मला मागाहून कळलें. हिरव्या पानाच्या बाटलीचा फेस सर्वांत आधीं मोडला. नेहमींच्या बाटलीनें बरीच मजल मारली. तिसरी बाटली मधल्या किमतीची होती, तिला वास जवळजवळ नव्हता, आणि लेबलावर ग्लुकोसाइडाचें नांव स्पष्ट होतें. ती नेहमींच्या बाटलीच्या बरोबरीनें टिकली. सौभाग्यवतींनीं हा सर्व सोहळा दारांत उभें राहून पाहिला. त्यांचा प्रश्न एवढाच होता कीं, मोरी कोण धुणार? मोरी मीं धुतली.

त्या धुण्यांत मला एक गोष्ट कळली, ती कोणत्याही लेबलावर नव्हती. खरकटें नि तेल आधीं पुसून काढलेल्या ताटल्यांना साबण अगदीं थोडा लागतो. रद्दीच्या कागदानें कढईचें तूप पुसून घेतलें, किंवा चिमूटभर कोंडा नाहीं तर बेसन फिरवून तें टिपून घेतलें, तर साबणाचें निम्में काम झालेलें असतें, आणि तें तेलही नळ्यांत गोठत नाहीं. आम्ही आतां घांसणीवर बाटली उपडी करीत नाहीं. एका वाडग्यांत पाणी घेऊन त्यांत चमचाभर साबण कालवितों आणि त्यांत घांसणी बुडवितों. हें पाणी त्या दिवसापुरतेंच करावें. पातळ केलेल्या साबणांतलीं टिकाऊ द्रव्यें विरळ होतात, म्हणून तो शिळा ठेवला तर नासतो. घांसणी आम्हीं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची केली आहे. करपलेल्या पातेल्याला मात्र नारळाचा काथ्याच लागतो, तेथें घोसाळें हार खातें.

महिन्याकांठीं साबण किती लागतो याची मीं वहींत नोंद ठेविली. पूर्वीं एक बाटली जितके दिवस पुरे, त्याच्या दुपटीहून थोडे अधिक दिवस आतां पुरते. तिसरी बाटली थोडी महाग असूनही खर्च वाढला नाहीं.

मावशींना रबरी हातमोजे आणून दिले होते. ते त्यांनीं दोन दिवस घातले आणि खुंटीला लावले. भांडें हातांतून निसटतें म्हणाल्या, आणि त्यांचें म्हणणें खरें आहे. मीं स्वतः घालून पाहिले. आतां काम संपलें कीं त्या हात कोरडे करून खोबरेल लावतात. तेलाची बाटली मोरीच्या फळीवरच ठेविली आहे. भेगा कमी झाल्या आहेत, गेल्या नाहींत. जाणार कशा? बाकीच्या चार घरीं अजून वडीच आहे. त्यांपैकीं एका घरच्या बाईंनीं मावशींकरवीं आमच्या बाटलीचें नांव विचारून पाठविलें. मीं चिठीवर नांव लिहून दिलें, आणि त्याखालीं चमच्याचें मापही लिहिलें.