शैलचित्रे कोणाची? : एका सहलीच्या निमित्ताने



ज्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, ते गुरुजी सहलीला चार भिंतींबाहेरचा वर्ग मानीत असत. त्यांच्या स्मरणार्थ बोलताना मी एका दिवसाच्या सहलीचाच विषय निवडला आहे. भीमबेटक्याची शैलचित्रे पाहावयास गेलेल्या मुलांबरोबर जाण्याचा योग मला आला. तेथे जो प्रश्न उभा राहिला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

पांढुर्ण्याहून निघालेली गाडी मुलताई, आमला, बैतूल, इटारसी करीत नर्मदा ओलांडते आणि विंध्याचा घाट चढू लागते. बरखेडा आणि ओबेदुल्लागंज यांच्या दरम्यान डोंगरमाथ्यावर तटबंदीसारखे खडक दिसतात. हेच भीमबेटका. 1957 मध्ये रेल्वेच्या खिडकीतून हे खडक पाहून ज्यांची जिज्ञासा जागी झाली, ते डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर नीमच येथे जन्मलेले, मध्य प्रदेशातलेच मराठी गृहस्थ. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिलेल्या आम्हा पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी, हे स्वाभाविक आहे. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. वि. ना. मिश्र यांनी तेथे उत्खनन केले आणि यशोधर मठपाल यांनी चित्रांच्या प्रतिकृती काढून त्यांचा बारकाईने अभ्यास केला. 2003 मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा म्हणून जाहीर केले.

या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. प्रवाशांसाठी त्यांतील पंधराच खुले आहेत. पण एका दिवसाला तेवढेही पुष्कळ होतात. गेरूचा तांबडा आणि पांढरा हे मुख्य रंग. एका खडकावर हरणे, गवे, हत्ती यांची इतकी दाटी आहे की त्याला प्राणिसंग्रहालयाचेच नाव पडले आहे. एका चित्रावर दुसरे, त्यावर तिसरे काढलेले दिसते. खालच्या थरात शिकारी, तर वरच्या थरात घोडेस्वार आणि तलवारी. म्हणजे हजारो वर्षे, पिढ्यामागून पिढ्या, माणसे त्याच भिंतीपाशी येऊन चित्रे काढीत राहिली.

आमच्या वाटाड्याने मुलांना विचारले, "ही कोणी काढली?" मुले एका सुरात म्हणाली, "जंगली माणसांनी!" आमच्यात डोंगराच्या पायथ्याच्या गावातला एक गोंड विद्यार्थी होता. तो गप्प राहिला. पुढे ढोलवाल्याच्या तालावर हात धरून नाचणाऱ्या माणसांची ओळ दिसली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, लग्नात माझी आजी भिंतीवर अशीच माणसं काढते." वाटाड्या क्षणभर थांबला आणि मग त्याने त्या मुलालाच पुढे बोलावून विचारले, "आजी रंग कशाचा करते?" पुढचा अर्धा तास आमच्या तुकडीचा मार्गदर्शक तो मुलगा होता.

मित्रहो, येथे विवेक सोडून चालणार नाही. आजच्या गोंड वा कोरकू बांधवांच्याच पूर्वजांनी ही सर्व चित्रे काढली, असे म्हणण्याइतका पुरावा आपल्याजवळ नाही. परंतु परिसरातील एकवीस गावांच्या सांस्कृतिक परंपरांचे चित्रांतील जीवनाशी साम्य आहे, याची युनेस्कोनेही नोंद घेतली आहे. 1888 मध्ये किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या निबंधात भीमबेटक्याचा उल्लेख बौद्ध स्थळ म्हणून केला, तोही स्थानिक आदिवासींनी पुरवलेल्या माहितीच्या आधारे. माहिती त्यांची होती. लेखात नाव मात्र साहेबाचे राहिले.

ऑस्ट्रेलियात काकाडू नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील बरीचशी जमीन मूळ निवाशांच्या मालकीची असून ती त्यांनी उद्यानासाठी भाडेपट्ट्याने दिली आहे. व्यवस्थापन मंडळात बहुमत त्यांचे आहे. प्रवाशांना चित्रे दाखवून त्यांच्या कथा सांगणाऱ्यांत त्या समाजाची माणसे असतात. कोणती कथा परक्यांना सांगायची आणि कोणती घरात ठेवायची, हे तेच ठरवतात. तेथील नूरलँजीच्या खडकावर नाजोंबोल्मी या मूळ निवासी चित्रकाराने 1964 मध्ये चित्रे रंगवली. म्हणजे ती भिंत कालपरवापर्यंत लिहिती होती. पण याच देशात 2020 मध्ये जूकान घळीतील हजारो वर्षांच्या मानवी वस्तीचे शैलाश्रय लोहखनिजासाठी सुरुंग लावून उडवले गेले. आदर आणि अनादर एकाच भूमीत शेजारी नांदतात. आपली भूमीही याला अपवाद नाही.

भीमबेटका दूर वाटत असेल, तर आपल्या शेजारी पाहा. वरूड-मोर्शीच्या बाजूला, बैतूल आणि अमरावती जिल्ह्यांच्या सीमेवर धारूळजवळ अंबादेवीच्या परिसरातील चित्रित शैलाश्रय अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सोबत्यांनी 2007 पासून उजेडात आणले. आपल्या सातपुड्याच्या कुशीत अजून काय दडले असेल, हे शोधण्यास आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे आले, तर गुरुजींना याहून मोठी श्रद्धांजली ती कोणती?

शाळेस माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली : अशा स्थळी चित्रांना हात लावू नये, ती उठून दिसावीत म्हणून पाणी शिंपडू नये आणि खडकावर आपले नाव कोरू नये, हे निघण्यापूर्वीच मुलांकडून वदवून घ्यावे. दुसरी : सहलीआधी छिंदवाड्याचे बादल भोई आदिवासी संग्रहालय मुलांना दाखवावे. तिसरी सर्वांत महत्त्वाची : आपल्याच विद्यार्थ्यांच्या घरातील एखाद्या आजीला सन्मानाने शाळेत बोलवावे, तिला खुर्ची द्यावी आणि शाळेची एक भिंत तिच्या हवाली करावी.

ज्या मुलाला आपल्या घरच्या कलेची लाज वाटते, तो शिकून मोठा झाला तरी आतून उणाच राहतो. ही लाज घालवणे हे शिक्षकाचे काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.